वलांडीवरची वायर

आधी एक गोष्ट सांगून टाकतो. तुमचं नेट बंद पडतं ते मी बंद केलेलं नसतं.

बोईसरमध्ये मी केबल आणि नेटचा धंदा करायला लागलो तेव्हापासून माझ्यावर हा आरोप आहे. क्रिकेटचं शेवटचं षटक चालू असताना चित्र थिजलं की लोकांच्या डोळ्यांपुढे मी उभा राहतो. खुर्चीत रेललेला, एका हातात चहा, दुसऱ्या हातात बटण आणि तोंडावर खलनायकाचं हसू. हसण्यापुरता त्यांचा आरोप मला मान्य आहे. आमच्या गावच्या जत्रेतल्या नाटकात मी कायम खलनायक होतो. नायकाला लागणारी उंची माझ्याकडे नव्हती आणि खलनायकाला लागणारा आवाज भरपूर होता. आजही फोन उचलून मी ‘बोला’ म्हटलं की नवीन गिऱ्हाईक आधी दचकतं आणि मग तक्रार सांगतं.

नाव नंदकुमार, पण ते फक्त आधार कार्डावर. लोकांसाठी मी केबलनंदू. एका लग्नपत्रिकेवर तसंच छापून आलं होतं, आणि आहेर घेताना यजमानांनी विचारलंही, ‘‘आमच्या लाइनीचं काय झालं?’’

आता धंदा काय आहे ते सांगतो. मी नेट तयार करत नाही. मोठ्या कंपनीकडून घाऊक घेतो आणि घरोघरी किरकोळ विकतो. भाजीवाला वाशीहून माल आणतो, तसा. फरक एवढाच की माझी भाजी काचेच्या तारेतून येते. ती तार केसाएवढी बारीक असते, तिच्यातून उजेड पळतो आणि त्या उजेडावर बसून तुमचे फोटो, शाळेचे अभ्यास आणि भांडणं जातात. तार ताणली तर चालते, जास्त वाकवली तर उजेड कोपऱ्यावर सांडतो आणि नेट रखडतं. माझं निम्मं आयुष्य असले सांडलेले उजेड शोधण्यात गेलं.

शिवाय दुकानात एक पेटी आहे. सगळ्यांचं नेट तिच्यातून जातं. कोणाचं आधी सोडायचं, कोणाचं थांबवायचं, हे त्या पेटीत ठरवता येतं. मी ते ठरवत नाही. आलं तसं सोडतो. साहेबाचा सिनेमा आणि शिपायाचा सिनेमा माझ्या पेटीला सारखाच. पण ठरवता येतं, हे लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

गिऱ्हाईकं एकेक नमुनेदार. पालघरचे एक निवृत्त काका रोज फोन करायचे, ‘‘नंदू, हॉलमध्ये रेंज नाही, स्वयंपाकघरात रेंज नाही.’’ जाऊन पाहिलं, तर राउटर दिसेना. काकांनी तो कपाटात ठेवला होता. लोखंडी कपाट, त्याला कुलूप, किल्ली काकूंच्या कमरेला.

मी म्हटलं, ‘‘काका, अहो, हे दागिने नाहीत.’’

‘‘तू दर महिन्याला जे घेतोस ते पाहिलं तर दागिनेच आहेत,’’ काकू म्हणाल्या.

बोईसरच्या एका चाळीत रामशंकर नावाचा कारखान्यातला कामगार राहायचा. खोलीत सगळ्यांनी मिळून लाइन घेतली होती, गावाकडच्या लेकरांना पाहायला. जोडणी झाल्यावर त्याने हळूच विचारलं, ‘‘भैया, मॅनेजर साहब के घर में जो नेट है, ये वही है क्या?’’ म्हटलं, अगदी तेच. त्याने खोलीतल्या सगळ्यांना ओरडून सांगितलं, ‘‘सुनो, वही है!’’ आणि मला न विचारता समोसे मागवले.

तेच मॅनेजरसाहेब पुढच्याच आठवड्यात म्हणाले, ‘‘नंदू, आम्हाला जरा वेगळी लाइन दे. चाळीतल्यांबरोबर नको.’’ मी गंभीर चेहऱ्याने त्यांचा पांढरा राउटर काढला आणि तसलाच काळा बसवला. संध्याकाळी साहेबांचा निरोप आला, ‘‘आता कसं! फरक कळतो.’’

पण मला सांगायची आहे ती गोष्ट किनाऱ्यावरची. नवापूरच्या बाजूला मच्छीमारांची एक आळी आहे. नाव मुद्दाम सांगत नाही. सांगितलं तर हे अंकात छापून आल्यावर तिथल्या बायका टोपल्यांसकट माझ्या दुकानात येतील आणि मी लिहिलेलं त्यांच्या पद्धतीने दुरुस्त करतील.

या आळीत मोठ्या कंपन्यांची वायर गेली नव्हती. घरं थोडी, वाळू फार, खारी हवा, खांब गंजतात. मी जायचं ठरवलं तेव्हा खांबांचा प्रश्न मलाही आला. आणि समोर पाहतो तर काय, खांबच खांब! समुद्रालगत बांबू रोवून त्यांना आडवे दोर बांधलेले. वलांड्या म्हणतात त्यांना. बोंबील वाळत घालायला. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरावर टाकायची. हजारो माशांनी एकमेकांना चावा घेतलाय आणि वर निवांत लटकतायत, असं ते दृश्य. मी आळीला विचारलं, वायर या बांबूंवरून नेऊ का? तिथल्या बायका म्हणाल्या, ने. मी नेली. इतकी सुंदर, सरळ, ताणलेली लाइन मी आयुष्यात दुसरी टाकली नाही.

दहा-बारा दिवसांत तक्रार आली. आळीचं नेट रखडलं. गेलो, तर माझ्या वायरीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत बोंबील. वजनाने वायर खाली झुकलेली, क्लिपांपाशी मोडायच्या बेताला आलेली, आणि वर कावळे ओळीने बसून टोचा मारतायत.

खाली हिरामावशी. साठीच्या पुढची, आवाज माझ्यापेक्षा एक पट्टी वर. मासळी विकण्यात आयुष्य गेलेलं.

मी नाटकातला आवाज काढला. ‘‘मावशी! ही वायर आहे! माझी वायर!’’

‘‘मग? वायर तुजी, वारा पन तुजा काय?’’

‘‘दोर कमी पडले का तुम्हाला?’’

‘‘दोर हायेत. पन तू वायर बांदलीस ती वाऱ्याच्या ओळीत. माजी पाळी नाय वाऱ्याची ह्या उधानाला. दोरावर घातले तर बायका बोलतील. वायरीवर कोनाची पाळी?’’

मग त्यांनी मला पद्धत समजावली. समुद्राकडची पहिली ओळ ती वाऱ्याची ओळ. तिच्यावर मासळी लवकर आणि कोरडी ठणठणीत वाळते. मागच्या ओळींना उरलेला वारा. म्हणून ती ओळ कायमची कोणाचीच नाही. दर उधाणाला, म्हणजे पंधरवड्याला, घरं एकेक ओळ पुढे सरकतात. मोठ्या बोटीवाला असो की टोपलीवाली, सगळ्यांना पाळी. मावशींनी माझ्या वायरीच्या रूपाने त्या कायद्यात एक फट शोधली होती. आळीतल्या बाकीच्या बायकांनी मावशींना त्यावरून काय सुनावलं ते मी छापायला देत नाही. वायर मोकळी झाली.

नेटने त्या आळीत काय केलं, तेही सांगतो. पूर्वी वाळलेला माल एकाच व्यापाऱ्याला जायचा. त्याला दामूशेठ म्हणू. भाव शेठचा, वजनकाटा शेठचा, ‘‘माल ओला आहे’’ हा शेराही शेठचा. आता हिरामावशी सकाळी फोन वलांडीसमोर धरायच्या आणि मनोरच्या दुकानदाराला, अस्लमभाईला, माल थेट दाखवायच्या. बोंबील फोनपुढे मोडायचा, कडक आवाज यायचा आणि पलीकडून अस्लमभाई म्हणायचे, ‘‘बस मावशी, समज गया, भेज दो.’’ हळूहळू बाकीच्या बायकाही तसंच करायला लागल्या.

अशात दामूशेठ माझ्या दुकानात आले. माणूस गोड. येताना फरसाण घेऊन आले.

‘‘नंदूशेठ, एक पुण्याचं काम आहे,’’ ते म्हणाले. ‘‘त्या आळीला नेट फुकट द्यायचं. खर्च सगळा माझा.’’

मी फरसाण खाता खाता थांबलो. ‘‘आणि?’’

‘‘मी एक अ‍ॅप बनवून घेतलंय. मासळीचे भाव, गाणी, मालिका, सगळं त्यात. ते आधी जाऊ द्यायचं, एवढंच. मी कोणाचं काही बंद करा म्हणत नाही हं. बाकीचं मागून जाईलच की.’’

‘‘आणि सकाळी?’’

‘‘सकाळी,’’ शेठ हसले, ‘‘सकाळी जरा जास्तच मागून.’’

त्यांच्या डोळ्यांसमोर मनोर होतं, हे सांगायला नको. मी म्हटलं, नेट देणाऱ्याने असा भेदभाव करायचा नाही, असा नियम आहे. शेठ म्हणाले, ‘‘नियम दिल्लीत. वायर वलांडीवर. तुम्हाला नको असेल तर सांगा, दुसरा कोणी टाकेल.’’

म्हणजे दोन वाटा. हो म्हणावं, तर हिरामावशींचं मनोर बंद. नाही म्हणावं, तर शेठचा माणूस शेजारून फुकटची वायर आणणार आणि माझी लाइन, माझी लाडकी सरळसोट लाइन, कावळे बसायला उरणार. मी म्हटलं, आळीला विचारून सांगतो.

दुपारी जेवणं आटपल्यावर बायका वलांड्यांच्या सावलीला जमल्या. मी सगळं सांगितलं. ‘फुकट’ या शब्दावर सभा जिंकली गेली. शेठने. मावशींची सून प्रीती, मालिकांची शौकीन, म्हणाली, ‘‘मग विचारता काय? आना की!’’

मी समजवायला गेलो. ‘‘हे बघा, समजा बोईसर-पालघर रस्ता आहे. शेठचा टेम्पो सोडला आणि तुमची रिक्षा फाटकाला अडवली, तर?’’

‘‘त्या रस्त्याचे खड्डे आदी बुजवा म्हनावं,’’ प्रीती म्हणाली.

‘‘अगं, खड्ड्यांचं नाही. तत्त्वाचं आहे.’’

‘‘तत्त्व राहू दे,’’ हिरामावशी म्हणाल्या. ‘‘फुकट हाय का नाय ते सांग.’’

‘‘आहे.’’

‘‘मग आन!’’

तेव्हा माझ्यातला नट जागा झाला. जे बोलून कळत नाही ते करून दाखवावं. मी उभा राहिलो, हात पसरले आणि जाहीर केलं, ‘‘उद्या सकाळी एक वेळ नमुना दाखवतो. शेठचं नेट, जसंच्या तसं. बघा आणि मग ठरवा.’’ सगळ्या म्हणाल्या, दाखव.

सकाळी दुकानातल्या पेटीत तशी व्यवस्था केली आणि आळीत जाऊन बसलो. पहिला अंक आनंदाचा. प्रीतीच्या फोनवर शेठच्या अ‍ॅपमधली मालिका पाण्यासारखी वाहत होती. एकदाही गोल चक्र फिरलं नाही. ‘‘बगा, बगा,’’ ती शेजारणींना दाखवत होती. मी मान डोलावत होतो. मला दुसरा अंक ठाऊक होता.

हिरामावशींनी मनोरला फोन लावला. चित्र आलं, थिजलं. मावशींच्या एका हातात बोंबील, तोंड उघडं, आणि तशाच त्या पडद्यावर अडकल्या. आवाज तुकड्यातुकड्यांनी येत होता. त्यांनी बोंबील मोडला. तो मनोरमध्ये मोडलाच नाही.

‘‘मावशी,’’ अस्लमभाईंचा आवाज आला, ‘‘सब धुंधला है. माल काळा दिसतोय. गीला तो नहीं है?’’

मावशींचा चेहरा असा झाला की मला माझ्याच नाटकाची भीती वाटली. ‘‘वला? माजा माल वला? अरे, वाजव की तुज्या कानात!’’ त्या फोनवर बोंबील आपटू लागल्या. अस्लमभाई बिचारे म्हणाले, ‘‘रहने दो मावशी, आज नको. उद्या बघू,’’ आणि फोन कट झाला.

मावशी माझ्याकडे वळल्या. ‘‘नंदू, लाइन बिघडली तुजी.’’

‘‘नाही मावशी. तिचं बघा,’’ मी प्रीतीच्या फोनकडे बोट दाखवलं. मालिकेतली सासू खणखणीत रडत होती. ‘‘लाइन ठणठणीत आहे. शेठचं पुढे चाललंय. तुमचं मागे.’’

‘‘रोज?’’

‘‘रोज सकाळी.’’

मावशींनी हातातल्या मोडक्या बोंबलाकडे पाहिलं, मग वलांडीकडे. ‘‘म्हंजे वाऱ्याची ओळ शेटला. कायमची.’’

त्यानंतर मला एक शब्द बोलावा लागला नाही. ‘वाऱ्याची ओळ’ म्हटल्यावर सगळ्यांना सगळं कळलं. प्रीतीने मालिका बंद केली. रागाने नव्हे, दुपारी पुन्हा लागते म्हणून, पण बंद केली. शेठला निरोप गेला, नको. शेठ संध्याकाळी स्वतः आले, चहा घेतला आणि सहज म्हणाले, ‘‘हरकत नाही. माझा माणूस वेगळी वायर टाकेल. फुकट मिळाल्यावर घेतील कोण कोण.’’

‘‘टाकू दे की,’’ हिरामावशी म्हणाल्या. ‘‘बांबू कोनाचे?’’

शेठनी बांबूंकडे पाहिलं. बांबू आळीचे. समुद्रापासून घरांपर्यंत दुसरा खांब नाही. त्यांनी कप खाली ठेवला, चहा चांगला झाल्याचं सांगितलं आणि गेले.

मी मनातल्या मनात वाकून टाळ्या घेत होतो. काय प्रयोग झाला! पहिल्यांदाच खलनायक न होता रंगमंच सोडणार, एवढ्यात मावशी म्हणाल्या, ‘‘नंदू, बस जरा.’’

बसलो.

‘‘सकाळी ते हळू केलंस, कुटनं केलंस?’’

‘‘दुकानातून. पेटी आहे.’’

‘‘तू सांगितलं नसतंस, तर आमाला कळलं असतं?’’

‘‘नसतं कळलं.’’

‘‘मग उद्या तुजं डोकं फिरलं तर?’’

‘‘माझं डोकं कशाला फिरेल?’’

‘‘नाटकात नेहमी फिरतं,’’ प्रीती म्हणाली, आणि सगळी आळी हसली. मीही हसलो. पण मावशी हसत नव्हत्या.

‘‘तू चांगला हायेस रे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पन चांगला हायेस म्हनून नळ तुज्या हाती, हे काय बरं नाय. वलांडी आमची, बांबू आमचे. वायर बी आळीची असू दे. आमच्यापुरती पेटी इतं आन. काय किंमत हुईल ती घे. बिगाडलं की तू ये. कामाचं घे. पन मालक आळी.’’

मी केलेला प्रयोग फारच पटण्यासारखा झाला होता. शेठ किती वाईट वागू शकतो हे दाखवायला गेलो आणि मी किती वाईट वागू शकतो ते दाखवून आलो.

वाद घातला मी. माझे कष्ट, माझी लाइन, माझा शब्द. सगळं ऐकून घेतलं त्यांनी. पण उत्तर एकच, ‘‘डोकं फिरलं तर?’’ आपलं डोकं फिरणार नाही याची हमी कोणालाच देता येत नाही. घरी येऊन दोन दिवस फुगून बसलो. तिसऱ्या दिवशी बायको म्हणाली, ‘‘तुम्ही त्यांच्या जागी असतात तर काय केलं असतं?’’ मी उठून आळीत गेलो आणि व्यवहार केला. घाऊक नेट आता आळीच्या नावाने येतं, आळीपुरती वेगळी पेटी मच्छीमार सोसायटीच्या खोलीत, बर्फाच्या हिशेबाच्या शेजारी.

मला लोक विचारतात, नेट पाण्यासारखं, विजेसारखं सगळ्यांचं असावं का? मी विकणारा माणूस, माझं मत धरू नका. एवढं सांगतो की सगळ्यांचं झालं म्हणून ते सरळ झालं नाही. पेटी कुठे ठेवायची यावर दोन सभा झाल्या. कोणी मिक्सर लावायला पेटीचा प्लग काढतं. सुरुवातीला तर त्यांनी नेटलाही पाळी लावली होती. या उधाणाला या घरांचं वेगात, पुढच्या उधाणाला त्या. मला समजावायला लागलं की वारा पहिल्या ओळीने घेतला की मागे कमी उरतो, पण हे सगळ्यांना एकदमच सोडता येतं, फक्त मध्ये कोणी हात घालू नये. ‘‘असं होय?’’ म्हणाल्या. ‘‘मग पाळी नको.’’ पण लाइन बंद पडली तर आता मला शिव्या बसत नाहीत. एकमेकींना बसतात. आणि अस्लमभाईंना मनोरमध्ये रोज सकाळी बोंबील मोडल्याचा आवाज येतो.

खंत आहे. नाही म्हणणार नाही. किनाऱ्याच्या रस्त्याने जाताना ती ताठ, सरळ लाइन दिसते आणि हात आपोआप वर जातो, आपल्या मुलाला लांबून हाक मारावी तसा.

मागच्या महिन्यात आळीतून फोन आला. नेट रखडतंय. शिडी घेऊन गेलो. लांबूनच दिसलं. वायर या टोकापासून त्या टोकापर्यंत बोंबलांनी लगडलेली. दोन-दोनची जोडी, जबड्यात जबडा. वर कावळ्यांची पंगत. खाली टोपली उपडी घालून तिच्यावर हिरामावशी.

माझ्या छातीत तो जुना आवाज भरून आला. ‘‘मावशी!’’ मी गरजलो. ‘‘ही वायर आहे! ही...’’

‘‘कोनाची?’’ मावशींनी विचारलं.

मी शिडी वाळूत टेकवली.

‘‘पाळी कोणाची आहे?’’ मी आवाज खाली आणून विचारलं.

‘‘माजीच. सोसायटीत विचारून घेतली. वाऱ्याची ओळ माजी, वायर वाऱ्याच्या ओळीत.’’

‘‘आणि नेट?’’

‘‘ते रखडतंय म्हनून तर तुला बोलावलं.’’

‘‘बोंबील काढल्याशिवाय ते सरळ होणार नाही.’’

मावशींनी एक जोडी चाचपून पाहिली. ‘‘अजून वली हायेत. सांज हुईल.’’ मग टोपलीवर सरकून माझ्यासाठी जागा केली. ‘‘बस. कावळे तरी हाकल.’’

मालकाचं काम होतं. बसलो.